स्फोटानंतरची चाळीस वर्षे

मे १७३९ मध्ये वसईच्या कोटाला मराठ्यांनी सुरुंग लावले. सेबॅस्टियन बुरुजाच्या पायाखाली दारू ठासून बत्ती दिली गेली, काही सुरुंग उडाले, तटाला खिंडार पडले आणि लोक आत घुसले. तेवढ्यात वेळेवर न पेटलेला एक सुरुंग त्यांच्याच पायाखाली उडाला. या वेढ्यात मराठ्यांकडचे मेलेले आणि जखमी मिळून पाच हजारांवर गेले, असा आकडा ग्रँट डफ देतो. किल्ला पाहायला शाळांच्या सहली येतात तेव्हा चिमाजी अप्पांचा विजय सांगितला जातो, आणि तो सांगायलाच हवा. मला मात्र त्या पाच हजारांतल्या जखमींचे कुतूहल आहे. सुरुंगाने पाय गेलेला शिलेदार गावी परतला असेल तर पुढे कसा जगला?

मेलेल्यांच्या मुलांसाठी बालपरवेशी देण्याची रीत मराठेशाहीत होती. जखमींविषयी त्याहून जुनी नोंद सभासदाच्या बखरीत सापडते. अफझलखानाच्या प्रसंगानंतर जखमी झालेल्यांना, जखमेचा मगदूर पाहून, पंचवीस होनांपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम दिली गेली. जखमेची प्रत लावायची आणि प्रतीप्रमाणे पैसे द्यायचे, ही कल्पना आपल्याकडे साडेतीनशे वर्षे जुनी आहे. आजचे लष्करी वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरवते ते याच जातीचे काम आहे. फरक इतकाच, की सतराव्या शतकात मांडीपर्यंत पाय गेलेला माणूस बहुधा जखम चिघळूनच दगावत असे. आज तो वाचतो. पंचविसाव्या वर्षी वाचलेला माणूस पासष्टी सहज गाठतो, म्हणजे त्याला चाळीस वर्षे उपचार लागतात. या लेखाचा विषय ती चाळीस वर्षे आहेत.

वसईत माझा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी इकडचे कितीतरी फौजी निवृत्तीनंतर नालासोपारा-विरारमध्ये घर घेतात. कारण साधे आहे. मुंबईत दुसरी नोकरी मिळते आणि मुंबईत घर परवडत नाही. गावात अशा माणसाला सगळे ‘मेजर’ म्हणतात, मग तो शिपाई म्हणून निवृत्त झालेला असो की हवालदार. इथे सोसायटीत तो नुसता ‘फौजी’ होतो. माझ्याकडे ते येतात ते गुडघेदुखी किंवा कंबरदुखी घेऊन. पँट वर केल्यावर कळते की दुखणारा गुडघा शाबूत पायाचा आहे आणि दुसरा पाय गुडघ्याखाली नाहीच. अशा माणसांबरोबर काम करता करता मी या विषयाचे वाचन सुरू केले, आणि वाचता वाचता लक्षात आले की स्फोटाची जखम ही एक जखम नसतेच.

स्फोटाने होणारी इजा वैद्यकशास्त्र चार थरांत पाहते. पहिला थर हवेच्या दाबाचा. स्फोटक पेटले की काही सहस्रांश सेकंदांत दाबाची लाट पसरते आणि शरीरात जिथे हवा आणि द्रव एकमेकांना भिडलेले असतात तिथे ती फाडाफाड करते: कानाचा पडदा, फुप्फुसे, आतडी. बाहेरून खरचटलेलेही दिसत नाही आणि आत फुप्फुसात रक्तस्राव चालू असतो. दुसरा थर उडालेल्या तुकड्यांचा, तिसरा माणूस स्वतः फेकला जाऊन आपटण्याचा, आणि चौथ्यात भाजणे, धूर, विषारी वायू आणि बाकीचे सगळे येते. बंद जागेत ही लाट भिंतींवरून परत परत आदळते. इस्राएलमधल्या बाँबस्फोटांचा १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात उघड्यावरच्या स्फोटांत सुमारे आठ टक्के जखमी दगावले होते, बसमधल्या स्फोटांत सुमारे एकोणपन्नास टक्के. ही तुलना लक्षात ठेवावी, कारण पुढे लोकलच्या डब्याकडे यायचे आहे.

भूसुरुंगाची गोष्ट वेगळी. माणसासाठी पेरायच्या लहान सुरुंगात काही वेळा जेमतेम तीस ग्रॅमच्या आसपास स्फोटक असते. तो मारण्यासाठी बनवलेलाच नसतो. एक मेला तर त्याला तिथेच ठेवून पुढे जाता येते, एक जखमी झाला तर दोघे-तिघे त्याला उचलण्यात गुंततात, हा त्यामागचा हिशेब. आपल्याकडे सीमेवर असे सुरुंग जवानांनी स्वतःच पेरलेले असतात. काश्मीरमध्ये बर्फ आणि पाऊस त्यांना उतारावरून खाली ओढतो आणि नकाशात जिथे सुरुंग नाही तिथे तो निघतो. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवरच्या हल्ल्यानंतर सुरू झालेल्या ‘ऑपरेशन पराक्रम’मध्ये राजस्थान-पंजाबच्या सीमेवर लाखो सुरुंग पेरले गेले. युद्ध झालेच नाही. पण पेरताना आणि पुढच्या वर्षी उचलताना पाय गेले ते गेलेच. माझ्याकडे येणारे एक निवृत्त हवालदार त्यांतलेच. ते म्हणतात, ‘‘लढाई न होता लढाईतला पाय गेला.’’

या जखमेचे सर्वांत नेमके वर्णन रेड क्रॉसचे शल्यविशारद रॉबिन कूपलँड यांनी केले आहे. पायाखाली सुरुंग उडतो तेव्हा पोटरीचे स्नायू छत्रीसारखे बाहेर उघडतात आणि मग पुन्हा मिटतात. त्या उघडमिटीत माती, गवत, बुटाचे तळवे, मोज्याचे धागे, टाचेच्या हाडाचे तुकडे स्नायूंच्या पदरांतून खूप वरपर्यंत ढकलले जातात. वरून पाहताना घोट्याखालचाच भाग गेलेला वाटतो, पण घाण गुडघ्यापर्यंत पोचलेली असते. म्हणून अशी जखम पहिल्या दिवशी शिवायची नसते. मेलेले मांस कापून जखम उघडी ठेवतात, चार-पाच दिवसांनी पुन्हा पाहतात आणि स्वच्छ असेल तरच बंद करतात. पहिल्या तासातल्या घाईत कोणी ती शिवून टाकली तर नंतर आणखी वर कापावे लागते. गुडघा वाचतो की जातो, हे अनेकदा या धीरावर ठरते.

गुडघा वाचण्याला इतके महत्त्व का? गुडघ्याखाली पाय कापलेल्या तरुण माणसाला कृत्रिम पायाने चालताना नेहमीपेक्षा साधारण पाव पट जास्त शक्ती लागते. गुडघ्यावर कापलेल्याला निम्म्याहून अधिक. विरार स्टेशनच्या पुलाचे जिने चढणाऱ्याला हा फरक शब्दांत सांगावा लागत नाही.

इथपर्यंत लष्करी वैद्यक अतिशय चोख आहे, असे माझे मत आहे. हेलिकॉप्टर, क्षेत्रीय रुग्णालय, मग मोठे कमांड हॉस्पिटल, ही साखळी जगात कुठल्याही सैन्याच्या तोडीची मानावी. प्रश्न सुरू होतो तो टाके सुकल्यावर.

कापलेल्या पायाचा जो भाग उरतो त्याला सगळे स्टंप म्हणतात, मीही तोच शब्द वापरतो. पहिल्या वर्षभरात स्टंप आटतो. सूज उतरते, न वापरलेले स्नायू बारीक होतात. त्यामुळे पहिला सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा स्टंप बसवायचा पेला, काही महिन्यांत सैल होतो. सैल झाला की माणूस त्यात मोजे भरतो. एक, दोन, तीन. मग कधीतरी कातडी सोलते, पाय काढून ठेवावा लागतो, कामावर खाडा होतो. पुढे वजन वाढले की तोच सॉकेट घट्ट होतो. एक कृत्रिम पाय साधारण तीन ते पाच वर्षे टिकतो, आतला सिलिकॉनचा लायनर त्याहून बराच आधी फाटतो. शिवाय सॉकेटची घडण ठरते कोरड्या, गार खोलीत घेतलेल्या मापावर आणि वापरायचा असतो वसईच्या मे महिन्यात. लायनरमध्ये घाम साचतो, पाय सटकतो, पुळ्या उठतात. पावसाळ्यात तर रस्त्यावर गुडघाभर पाणी. जुलै २०१८ च्या पुरात नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले आणि गाड्या बंद पडल्या, तेव्हा धडधाकट माणसे रुळांतून चालत गेली. कृत्रिम पायवाल्याने काय करायचे? पाय भिजला तर आतले लोखंड गंजते, न भिजवावा तर घरातच बसावे लागते. या तक्रारी कुठल्याही फाइलमध्ये ‘गुंतागुंत’ म्हणून लिहिल्या जात नाहीत. रुग्णाचे रोजचे जगणे मात्र त्यांनीच व्यापलेले असते.

स्फोटात कापलेल्या अवयवाचे एक खास दुखणे आहे. स्टंपच्या मांसात, जिथे हाड असूच नये तिथे, नवे हाड वाढते. अमेरिकी लष्करी रुग्णालयांतल्या युद्धजखमींच्या २००७ च्या एका पाहणीत जवळजवळ दोन-तृतीयांश स्टंपांत असे हाड आढळले होते. अपघातात किंवा मधुमेहाने पाय गेलेल्यांत ते इतके दिसत नाही. त्यामुळे मधुमेही पाय पाहायची सवय असलेला डॉक्टर हे हाड शोधतच नाही. ‘सॉकेट टोचतोय, बदलून घ्या’ म्हणतो. साधा एक्स-रे काढला तर दिसते. दुसरे म्हणजे कापलेल्या मज्जातंतूच्या टोकाला गाठ होते आणि तिला धक्का लागला की वीज चमकल्यासारखी कळ येते. आणि तिसरे, जे सांगायला माणसे लाजतात: नसलेला पाय दुखणे. बोटे वळल्यासारखी वाटतात, तळव्याला आग होते, आणि तळवाच नसतो. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात यावर आरशाची युक्ती काढली. शाबूत पायाचे प्रतिबिंब नसलेल्या पायाच्या जागी दिसेल असा आरसा ठेवायचा आणि शाबूत पाय सावकाश हलवायचा. मेंदूला दुसरा पाय हलताना दिसतो आणि वळलेली बोटे ‘सुटतात’. सगळ्यांना गुण येत नाही, पण खर्च एका आरशाचा आहे. मी तो वसईच्या बाजारातून फर्निचरवाल्याकडून कापून आणलेला वापरतो.

आता शाबूत पायाकडे. वीस वर्षे तो दुप्पट काम करतो. त्याचा गुडघा आधी झिजतो, मग कंबर. हृदयाचे तर आणखी वेगळे. दुसऱ्या महायुद्धात पाय गमावलेल्या अमेरिकी सैनिकांचा तीस वर्षांचा पाठपुरावा करून झालेल्या अभ्यासात असे निघाले, की ज्यांचे पाय गुडघ्यावर कापले गेले, विशेषतः दोन्ही, त्यांच्यात हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण इतर जखमींपेक्षा जास्त होते. ब्रिटनमध्ये अफगाणिस्तानातल्या जखमींवर असाच वीस वर्षांचा अभ्यास सध्या चालू आहे. म्हणजे पाय गेलेल्या माणसाचा रक्तदाब, साखर आणि वजन पाहणे हा त्याच्या पायाच्याच उपचाराचा भाग आहे. हे मी रुग्णांना सांगतो तेव्हा ते माझ्याकडे संशयाने पाहतात.

भारतीय सैन्यात जवानाची तब्येत पाच इंग्रजी अक्षरांत लिहितात, आणि ती मिळून ‘शेप’ हा शब्द होतो: मन, कान, हातपाय, शरीराची एकूण क्षमता आणि डोळे. प्रत्येकाला एक ते पाच अशी प्रत. एक म्हणजे उत्तम, पाच म्हणजे सेवेला अपात्र. ही पद्धत मला आवडते, कारण माणूस तुकड्यातुकड्यांनी पाहायची सवय तिला आहे. अडचण अशी, की स्फोट पाचही अक्षरांना एकदम धक्का देतो आणि नजर मात्र तिसऱ्यावर खिळते. पाय गेला हे आंधळ्यालाही दिसते. कान गेला हे बायकोला दिसते, कारण टीव्हीचा आवाज वाढत जातो. सुरुंगाने पाय गेलेल्या माणसाच्या कानाची तपासणी पुन्हा कधी झाली, असे विचारले तर उत्तर बहुधा ‘तेव्हा झाली होती’ असे येते.

मनाचे अक्षर सर्वांत पहिले आहे आणि सर्वांत शेवटी वाचले जाते. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना कापरे भरू लागले, वाचा गेली, तेव्हा चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये ‘शेल शॉक’ हा शब्द ‘लॅन्सेट’मध्ये छापला. हा मेंदूला बसलेला हादरा की मनाची भीती, हा वाद त्यानंतर शंभर वर्षे चालला. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त आलेल्या एका शोधनिबंधात स्फोटात सापडलेल्या सैनिकांच्या मेंदूत, मृत्यूनंतर, एक विशिष्ट तऱ्हेचे व्रण सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्याचे नोंदले आहे. साध्या स्कॅनमध्ये ते दिसत नाहीत. म्हणजे चिडचीड, विसरभोळेपणा, झोप उडणे या सगळ्यांना ‘डोक्यात गेलंय’ म्हणणारे शेजारी शब्दशः बरोबर असू शकतात. (जाता जाता: वेड लागणे या अर्थाचा इंग्रजीतला ‘डूलॅली’ हा शब्द आपल्या देवळालीवरून आला. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तिथल्या छावणीत बसलेले गोरे सोजीर भ्रमिष्ट होत, म्हणून. आज त्याच देवळालीत तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आहे, आणि शत्रूशिवायही रोज स्फोटाचे धक्के झेलणारे लोक म्हणजे तोफची.) कँटीनच्या कोट्यातली रम या दुखण्यावरचे औषध म्हणून किती घरांत वापरली जाते, हे मी इथे लिहीत नाही. त्या घरांतल्या बायकांना ठाऊक आहे.

महाराष्ट्राचे या क्षेत्रातले स्थान मोठे आहे आणि आपण ते फारसे सांगत नाही. १९१७ मध्ये, पहिले महायुद्ध चालू असताना, लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत अपंग हिंदी सैनिकांसाठी क्वीन मेरीज ही तांत्रिक शाळा निघाली. १९२२ मध्ये ती पुण्याला खडकीत गेली आणि आजही तिथे आहे. हातपाय गेलेल्या माणसाला पेन्शनबरोबर हुन्नर द्यावा, हा विचार त्या काळात नवा होता. १९४४ मध्ये पुण्यातच कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी १४ एप्रिलला मुंबई बंदरात ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ अग्निशमन जवान गेले. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. केंद्र महायुद्धातल्या जखमींसाठी होते. तरी स्फोट आणि त्यावरचा इलाज एकाच वर्षी शेजारी आले, हे नोंदवावेसे वाटते. १९७१ च्या युद्धानंतर खडकीतच कमरेखाली लुळे झालेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र उभे राहिले.

या संस्थांनी काय केले ते दोन माणसांवरून कळते. मुंबईत जन्मलेले इयान कार्डोझो १९७१ मध्ये सिल्हेटच्या लढाईनंतर सुरुंगावर पाय पडून जखमी झाले. छिन्न झालेला पाय त्यांनी खुकरीने कापला, नंतर युद्धकैदी असलेल्या पाकिस्तानी सर्जनने शस्त्रक्रिया केली, पुण्यात कृत्रिम पाय बसला आणि पुढे त्यांनी बटालियनचे व ब्रिगेडचे नेतृत्व केले. असे करणारे ते पहिले अपंग अधिकारी. खुकरीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. कृत्रिम पायावर डोंगर चढून आपण सेवेला लायक आहोत हे पुनःपुन्हा सिद्ध करण्यात गेलेली वर्षे कोणी सांगत नाही. दुसरे सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, स्फोट नव्हे; पण पुढची वाट तीच. कुलाब्याच्या नौदल रुग्णालयात, ‘अश्विनी’त, उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरवले आणि त्यातून १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक आले, भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण. परदेशी जाण्यासाठी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने मदत केली होती. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडले.

आता विरारच्या फौजीचा मार्ग पाहू. २००३ पासून माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना आहे, सगळे तिला ईसीएचएस म्हणतात. आधी पॉलिक्लिनिक, तिथून चिठ्ठी, मग लष्करी किंवा पॅनेलवरचे खाजगी रुग्णालय. हृदयविकार, मोतीबिंदू, गुडघ्याचे प्रत्यारोपण अशा ठरावीक दुखण्यांना ही योजना उत्तम चालते, आणि कुटुंबालाही ती लागू आहे, हे मोठे. पण स्फोटाचा जखमी ठरावीक दुखण्यांत बसत नाही. स्टंप हाडांच्या डॉक्टरकडे, कान कानाच्या, झोप मानसोपचाराच्या. प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी, आणि तिन्ही एकत्र वाचणारा कोणी नाही. ‘अश्विनी’ला जायचे तर विरारहून चर्चगेट आणि पुढे कुलाबा, गर्दीच्या वेळी, दिव्यांगांच्या डब्यातून, ज्यात निम्मे लोक धडधाकट असतात. नवा पाय हवा तर पुणे. माप, साचा, चाचणी, चालण्याचा सराव, यात दिवस जातात आणि दुसऱ्या नोकरीत तेवढी रजा नसते. म्हणून माणसे सैल सॉकेटवर आणखी एक वर्ष काढतात. माझ्या पाहण्यातला हा सर्वांत सामान्य बिघाड आहे: उपचार फुकट असूनही न घेतलेला. सॉकेटची दुरुस्ती आणि लायनर बदलणे एवढी दोनच कामे जिल्ह्याच्या ठिकाणी, महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी झाली, तरी पुण्याच्या निम्म्या फेऱ्या वाचतील.

टक्केवारीचे प्रकरण याहून किचकट, पण प्रत्येक जखमी सैनिकाच्या घरात ते समजायला हवे. संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्राने जखमांचे गट पाडले. शत्रूशी लढताना झालेली जखम ‘युद्धजखम’ धरतात. सीमेवर कारवाईसाठी सुरुंग पेरताना-उचलताना अपघाताने झालेला स्फोटही त्याच गटात येतो, म्हणजे आमचे हवालदार ‘लढाई न होता’ म्हणाले तरी नियमाने त्यांचा पाय युद्धातच गेला. फरक नुसता मानाचा नाही. शंभर टक्के अपंगत्वाला साध्या अपंगत्व-पेन्शनचा भाग शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असतो, तर युद्धजखमेमुळे सेवेतून बाहेर पडलेल्याला तो पूर्ण पगाराइतका. टक्केवारीही तीन टप्प्यांत वर नेतात: पन्नासच्या आत असेल तर ५०, त्यापुढे पंचाहत्तरपर्यंत ७५, आणि त्यावर १००. सेवेतून अपंगत्वामुळे बाहेर पडणाऱ्यांना याचा चांगला फायदा होतो.

पेच पुढे आहे. कायमस्वरूपी ठरलेल्या अपंगत्वाची टक्केवारी जन्मभरासाठी असते. पूर्वीसारख्या ठरावीक वर्षांनी फेरतपासण्या आता होत नाहीत. हे सैनिकाच्या बाजूचेच पाऊल होते, कारण दर वेळी मंडळापुढे जाऊन ‘पाय उगवलेला नाही’ हे दाखवायची विटंबना थांबली. पण २००२ मध्ये मंडळाने पाय पाहिला. २०२४ मधला कान, दुसरा गुडघा आणि झोप त्या कागदावर नाही. स्वतः अर्ज केला तर फेरतपासणी मागता येते, ही तरतूद किती जणांना ठाऊक असते? आणि मागायची तर पुरावा लागतो: जखमेचा मूळ अहवाल, बाहेर पडतानाच्या मंडळाची प्रत, मधल्या वर्षांतले कानाचे आलेख, एक्स-रे. माझ्याकडचे बहुतेक जण फाइल म्हणून फक्त पेन्शनचा आदेश घेऊन येतात. धरमवीर सिंग यांच्या खटल्यात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की भरतीच्या वेळी नोंद नसलेले दुखणे नंतर उद्भवले तर ते सेवेमुळे झाले असे गृहीत धरावे आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर. त्या सैनिकाचे दुखणे फिट्सचे होते. डोक्याला हादरा बसलेल्यांत वर्षांनी फिट्स सुरू होऊ शकतात, म्हणून हा निकाल आपल्या विषयाच्या अगदी जवळचा आहे.

वसई-विरारला स्फोटाचे जखमी माहीत आहेत ते फौजेमुळे कमी आणि लोकलमुळे जास्त. ११ जुलै २००६ ला संध्याकाळी अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेवर सात स्फोट झाले, पहिल्या वर्गाच्या डब्यांत, घरी परतणाऱ्या गर्दीत. १८० हून अधिक माणसे गेली, सातशेच्या वर जखमी झाली. त्यांतल्या कित्येक गाड्या विरारच्या होत्या. बंद बसविषयीचा तो आकडा इथे आठवावा. लोकलची दारे उघडी असतात खरी, पण सहाच्या सुमाराला दारात हवेला जागा कुठे असते! कान फुटलेले, मणका गेलेला, पाय गेलेले लोक वाचले आणि परत याच उपनगरांत आले. जखमांची जात सैनिकांसारखीच. मागची व्यवस्था मात्र नाही. रेल्वे कायद्याने अतिरेकी कृत्यातल्या इजेला अनुसूचीप्रमाणे भरपाई मिळते. कमाल रक्कम तेव्हा ४ लाख होती, २०१७ पासून ८ लाख आहे. ती एकदाच. त्यानंतर पुनर्वसनासाठी हाजीअलीची १९५५ पासूनची केंद्र सरकारी संस्था आहे, विरारहून धीम्या गाडीने महालक्ष्मीपर्यंत. पुण्याच्या केंद्रातही नागरिकांना पैसे भरून पाय मिळतो. पण कोणी बोलावत नाही. सैनिकाला निदान एक कार्ड आहे, एक पॉलिक्लिनिक आहे, जिथे त्याचे नाव लिहिलेले आहे. स्फोटात ऐकू येईनासे झालेल्या एका बाईंना मी विचारले, शेवटची तपासणी कधी झाली? त्या म्हणाल्या, ‘‘चेक मिळाला त्या महिन्यात.’’

ही तुलना मी एवढ्यासाठी केली, की सैन्यातही आता दोन जाती होऊ घातल्या आहेत. जून २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांसाठी भरती झालेल्या अग्निवीराला सेवेमुळे अपंगत्व आले तर एकरकमी रक्कम ठरलेली आहे: ५० टक्क्यांना १५ लाख, ७५ ला २५ लाख, १०० ला ४४ लाख, शिवाय उरलेल्या मुदतीचा पगार आणि सेवानिधी. रकमा लोकलच्या जखमीपेक्षा नक्कीच मोठ्या आहेत. पण योजनेच्या मूळ अटींनुसार पेन्शन नाही आणि माजी सैनिकांची आरोग्य योजनाही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रशिक्षणात जखमी होऊन बाहेर पडलेल्या अधिकारी-कॅडेटांना ईसीएचएस लागू करण्यात आले, तेही कित्येक वर्षांच्या मागणीनंतर आणि सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतल्यावर. तोच दरवाजा अग्निवीरांसाठी उघडायला नवा कायदा लागत नाही.

हिशेब साधा मांडून पाहावा. तेविसाव्या वर्षी गुडघ्याखाली पाय गेलेला मुलगा त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत चालणार असेल तर त्याला आठ ते तेरा कृत्रिम पाय लागतील, लायनर त्याच्या कितीतरी पट, मधे एक-दोन वेळा स्टंपची शस्त्रक्रिया, पन्नाशीत दुसऱ्या गुडघ्याची, दर एक-दोन वर्षांनी कान आणि हृदयाची तपासणी. विरारमध्ये एका खोलीच्या घराचे आगाऊ पैसे आणि बहिणीचे लग्न त्या रकमेतून आधी जाते. अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्या २०२६ च्या अखेरीपासून बाहेर पडतील.